भांडं हातात द्यायचं

मामाने आयुष्यभर कुणाच्या हातावर पाणी ओतलं नाही. जेवून उठलेला पाहुणा असो, नाहीतर चिखलात लोळून आलेलं पोर असो, भरलेला तांब्या तो सरळ समोरच्याच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचा. लहानपणी मला याचा भारी राग यायचा. आंबे खाऊन कोपरापर्यंत बरबटलेले हात पुढे करून मी मोरीत उभा असायचो आणि मामा तांब्या घेऊन समोर.

"मामा, ओत ना!"

"धर तांब्या. दोन हात दिलेत ना तुला?"

"हात घाण आहेत. तांब्या खराब होईल."

"होऊ दे खराब. तांब्या घासता येतो."

मग मी रडत, चिडत, तांब्या निसटवत कसेबसे हात धुवायचो. अर्धं पाणी पायावर जायचं. मामाच्या चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही. "भांडं हातात द्यायचं," एवढंच तो म्हणायचा.

का, ते मला आईने सांगितलं. आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. अंबाडी नाक्याच्या पुढे आत आमचं गाव आहे. आजीच्या तरुणपणी तिथल्या विहिरीला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही, अशी रीत होती. आजी घागर घेऊन विहिरीच्या कडेला बसून राहायची. कुणाला दया आली तर तो वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचा. आणि नुसती तहान लागली असली, तर तिने ओंजळ तोंडाशी धरायची आणि त्याने वरून धार सोडायची. मामा तेव्हा तिच्या पदराला धरून उभा असायचा. पुढे आम्ही बौद्ध झालो, विहीर बुजली, गावात नळ आला. मामाने मात्र ती धार डोक्यात ठेवली. घरात त्याने हा एकच नियम केला आणि तो कुणालाही मोडू दिला नाही. मामी नवी नवरी म्हणून आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने सासऱ्यांच्या हातावर पाणी घातलं आणि घरात असा काही सन्नाटा पसरला, की बिचारीला वाटलं पाणी गरम होतं की काय.

मामाची नोकरीही पाण्याचीच. भिवंडीत तो पाणीखात्यात चावीवाला होता. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन पहाटे निघायचा, रस्त्यातलं झाकण उघडायचा, चावी आत घालून व्हॉल्व फिरवायचा, की गल्लीतल्या नळांना पाणी यायचं. फिरवताना तोंडाने त्रिशरण पुटपुटायचा. बायका हंडे-कळश्या घेऊन वाटच बघत असायच्या. कुणी म्हणायची, "मामा, आमच्याकडे जरा जास्त वेळ ठेवा," कुणी चहा आणायची, कुणी भांडायची. मामा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "बाई, पानी माझं न्हाय, चावी पन माझी न्हाय. मी निस्ता मधी उभा हाय."

मामी गेली आणि मामा निवृत्त झाला, हे दोन्ही लागोपाठ झालं. मूलबाळ नव्हतं. मी त्याला आमच्याकडे भिवंडीतच घेऊन आलो. मी कशेळीच्या एका गोदामात मालाची आवक-जावक बघतो; पण खरा जीव माझा सिनेमात. त्यातही जग बुडाल्यानंतरचे सिनेमे. रोगाने शहरं ओस पडली आहेत, समुद्र आत आले आहेत, सूर्य विझत चाललाय आणि चार माणसं वाट तुडवत कुठेतरी चालली आहेत, असलं काहीतरी. माझी बायको प्रज्ञा म्हणायची, "आठवडाभर भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये जग बुडालेलं बघतोस, रविवारी पुन्हा तेच?" पण रविवारी दुपारी जेवणं झाली, की मी हिंदीत आणलेला असा एखादा सिनेमा लावायचो आणि मामा माझ्याशेजारी येऊन बसायचा. नाव त्याने ठेवलं होतं, 'बुडीत पिच्चर'. "आज कोनता बुडीत पिच्चर?" असं म्हणत तो लुंगी आवरून पाय वर घ्यायचा.

सिनेमा बघायची त्याची पद्धत काही औरच होती. माणसं कशी मेली, राक्षस कसा आला, यात त्याला काडीचाही रस नसे. पहिल्या मिनिटापासून त्याचा एकच धोशा, "ह्ये पानी कुटून पितात?" दिग्दर्शकाने ते दाखवलेलं नसेल, तर त्याचं सिनेमातलं लक्षच उडायचं. आणि एखाद्या टोळीने बंदुका रोखून पाण्याची टाकी अडवलेली दाखवली, की मामा खवळायचाच. "अरं, व्हॉल्व कुटं हाय बग! टाकीवर काय उभा राहिलास, येड्या?" प्रज्ञा स्वयंपाकघरातून हसायची.

एकदा असाच सिनेमा चालू होता. सगळं जग वाळवंट झालंय, एक मोठा माणूस आपली गाडी, बंगला, सगळं गमावून एका डबक्यापुढे गुडघ्यावर बसलाय, आणि रडतोय. पार्श्वसंगीत तर असं, की मीही रुमाल शोधायला लागलो. मामा शांतपणे म्हणाला, "ह्यांचं जग आत्ता बुडालं. आमचं कवाच बुडालेलं होतं. आमी रडत बसलो का?" मी हसलो. नंतर रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. मी ते माझ्या मोबाइलवरच्या सिनेमाच्या पानावर लिहून टाकलं. मी तिथे सिनेमांवर थोडंफार लिहितो. लोकांना ते फार आवडलं. मामाची वाक्यं लिहून वाहवा मिळवायची सवय मला तिथून लागली, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

श्रद्धेवरही त्याचं स्वतंत्र मत होतं. या सिनेमांमध्ये एक देवभक्त हमखास असतो. तो एकतर माणसांना कोंडून प्रवचनं झोडणारा माथेफिरू असतो, नाहीतर डोळ्यांत करुणा घेऊन मरणारा संत. मामाला दोघेही पटत नसत. "ह्यांच्याकडं मधला कोनच कसा न्हाय?" तो विचारायचा. "आपल्या विहारात बग. सगळे मधलेच. वंदना म्हनतात, मंग सतरंजीवरून भांडतात, मंग सगळ्यांला खीर वाढतात. जग बुडालं तर असलेच कामाला येतील."

मग तो व्याख्यानाचा प्रसंग आला. विहाराच्या तरुण मंडळाने मला रविवारी बोलायला बोलावलं. विषय मीच दिला, 'जग बुडाल्यावरचा माणूस'. मी चांगली तयारी केली होती. माझा सिद्धान्त असा होता, की या प्रत्येक सिनेमात एक दृश्य असतंच. सगळीकडे लुटालूट, मारामारी चाललेली असते आणि अचानक कुणीतरी अनोळखी माणसाला आपल्यातलं थोडंसं देतं. बिस्कीट, पांघरूण, पाणी. बाकीचा सिनेमा त्या एका दृश्यासाठी असतो. त्याला मी 'माणुसकीचा शॉट' असं नाव दिलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामा पहिल्या रांगेत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसला होता. प्रश्न विचारा म्हटल्यावर तोच उठला.

"देतो ते खरं," मामा म्हणाला, "पन देताना त्याचा हात कुटं असतो? वर का बाजूला?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "मामा, देणं महत्त्वाचं. हात कुठे का असेना."

"बरं," म्हणून तो खाली बसला. पोरं हसली, मीही हसलो. घरी येताना रिक्षात तो बाहेर बघत बसला. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझं व्याख्यान कंटाळवाणं झालं.

आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत यंत्रमागाचे कारखाने आहेत. साच्यांची, म्हणजे त्या मागांची, खडखड आम्हाला इतकी अंगवळणी पडलेली, की ती थांबली की झोपमोड होते. तिथले कारीगर, हमाल, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया आमच्या गेटवरून येत-जात असत. मामाने आल्या आल्या सोसायटीच्या मागे लागून गेटबाहेरच्या भिंतीला एक नळ काढून घेतला. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे माझ्याच मागे लागला. नळाजवळ सोसायटीने साखळीला बांधलेला स्टीलचा ग्लास ठेवला. मामाने दुसऱ्या दिवशी साखळी तोडली. ग्लास अर्थातच गेला. अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे पाटीलसाहेब, ते मामाला म्हणाले, "बघा, मी सांगत होतो." मामाने घरून मामीचा पितळी तांब्या आणला. चांगला जड, पोटाला गोल, गळ्यावर मामीचं नाव कोरलेला. तो नळावर ठेवला. "मामा, हा तर दुपारपर्यंत जाईल," मी म्हणालो. तो कधीच गेला नाही. मामाचं स्पष्टीकरण असं, की साखळी बघून मानसाला आपन चोर हाय हे आठवतं. मला वाटतं, नाव कोरलेला तांब्या बघून लोकांना वाटायचं, आत्ता कुणीतरी इथे ठेवून आत गेलंय, येईलच. काही असो, तांब्या राहिला, आणि रोज संध्याकाळी तो चिंचेने घासून लखलखीत करणं हे मामाचं काम झालं.

उन्हाळ्यात शहराची मुख्य जलवाहिनी फुटली. दुरुस्ती आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता लांबत गेली. पहिले काही दिवस थट्टामस्करीत गेले. मामा म्हणाला, "घे, आला तुजा बुडीत पिच्चर घरी." मग गच्चीवरच्या टाक्या तळाला गेल्या. टँकर मागवायची वेळ आली, आणि टँकर तरी कुठे सहज मिळतो? आमचा टँकर आला त्या दिवशी मागच्या गल्लीतली माणसं गेटमधून आत आली. कळश्या, बादल्या, रंगाचे डबे, जे हाताला लागलं ते घेऊन. धक्काबुक्की झाली. पाइप ओढाओढीत फाटला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पडल्या. बरंच पाणी गटारात गेलं.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक झाली. कुणीही राक्षस नव्हतं हो. सगळी भली माणसं. कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाच्या घरी आजारी वडील. ठरलं असं, की बाहेरचा नळ बंद करायचा, गेटला कुलूप लावायचं आणि बाहेर कुणालाही पाणी द्यायचं नाही. कुलपाची एक चावी पाटीलसाहेबांकडे, एक माझ्याकडे. इतिवृत्त मीच लिहिलं. मामा खांबाला टेकून उभा होता. इतकी वर्षं पाणी वाटलेला माणूस, म्हणून आतल्या आत टँकरचं पाणी वाटायचं काम सगळ्यांनी त्याला दिलं. तो नाही म्हणाला नाही. त्याने बाहेर जाऊन नळावरचा तांब्या उचलला आणि घरी आणून ठेवला. रात्री जेवला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "ड्युटी हाय. करतो."

आमचं गेट म्हणजे उभ्या गजांची जाळी. कुत्री येतात म्हणून मधे मधे आणखी गज टाकून घेतलेले. मूठ जेमतेम बाहेर जाईल एवढीच फट. दोन-तीन दिवसांनी भरदुपारी एक बाई त्या जाळीशी येऊन उभी राहिली. कांड्या भरणारी असावी. केसांवर, पदरावर सुताचा पांढरा भुगा बसलेला. मामा आत टँकरच्या पाण्याची पिंपं झाकत होता. त्याच्या स्वतःच्या पिण्यासाठी मामीचा तांब्या भरून ठेवलेला होता. मी पार्किंगच्या खांबाआड, गोदामाच्या फोनवर बोलत होतो. त्या दोघांनाही मी दिसत नव्हतो.

"चाचा, थोड़ा पीने को पानी दो ना," ती म्हणाली. "नल बंद है."

मामा एकदा तिच्याकडे, एकदा कुलपाकडे, एकदा वरच्या खिडक्यांकडे बघत राहिला. मग त्याने तांब्या उचलला आणि जाळीपाशी जाऊन ओणवा झाला. तिथे त्याची काहीतरी झटापट चालली होती. माझ्या मात्र डोक्यात लख्खकन उजेड पडला. हाच तो! हाच माणुसकीचा शॉट! मी फोन कट केला आणि कॅमेरा उघडला. तोवर मामाने तांब्याचा गळा दोन गजांच्या मधे टेकवून तिरका केला होता. बाईने ओंजळ तोंडाशी धरली होती. वरून पाण्याची धार तिच्या ओंजळीत पडत होती आणि उन्हात ती धार अशी चमकत होती, की काय सांगू. मी फोटो काढला. बाई पोटभर प्याली, तोंड पुसलं, "अल्लाह आपको खुश रखे, चाचा," म्हणाली आणि निघून गेली.

तो फोटो मी माझ्या सिनेमाच्या पानावर टाकला. वर लिहिलं, 'जग बुडतं तेव्हा श्रद्धा आणि माणुसकी अशी दिसते'. बघता बघता तो कुठल्या कुठे गेला. सोसायटीच्या ग्रुपवर आला. ज्यांनी कुलूप लावायला हात वर केले होते, त्यांनीच हृदयाची चित्रं टाकली. नियम मोडला म्हणून मामाला कुणी बोललं नाही. उलट पाटीलसाहेबांनी येऊन पाठ थोपटली. मला तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. संध्याकाळी मी फोन मामाच्या हातात दिला. "बघ मामा, तू किती लोकांपर्यंत पोचलास!"

मामाने फोटो बघितला. आधी नुसता बघितला, मग चष्मा आणून बघितला. फोटो कुणी काढला ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग फोन माझ्या हातात न देता खाटेवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

खरं सांगतो, मला तेव्हाही कळलं नाही. आजीची गोष्ट मला ठाऊक होती. 'भांडं हातात द्यायचं' हे ऐकत मी वाढलो होतो. घरात मीही माझ्या मुलीच्या हातावर कधी पाणी ओतलं नव्हतं. आणि तरी तो फोटो काढताना, टाकताना, दिवसभर त्यावरची वाहवा मोजताना मला तो फक्त सुंदर दिसला. लाज वाटते ती याची. कुणा परक्याला कळलं नसतं तर समजू शकलो असतो. मी आजीचा नातू आहे.

"मामा, काय झालं?" मी विचारलं.

"कोन हाय तो वरचा?" तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "त्या फोटुत. वरून ओतनारा कोन हाय?"

तेव्हा कळलं. तरी मी सावरासावर करायला लागलो. "अरे, पण तू दिलंस! आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं होतं, तू एकट्याने दिलंस. ते ओतणारे लोक वेगळे आणि तू वेगळा."

मामा वळला. असा थकलेला चेहरा मी त्याचा मामी गेली तेव्हाही पाहिला नव्हता. "तुज्या आजीला पन देनारे चांगलेच होते, सुमेध," तो म्हणाला. "वाईट होते ते देतच न्हवते."

मी फोटो पानावरून काढून टाकला. त्याने काय होतं? तो आधीच शेकडो फोनवर जाऊन बसला होता.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मान खाली जाते. त्या रात्री मला वाईट वाटलं हे खरं. पण त्याच्या तळाशी कुठेतरी थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं मामाच्या त्या नियमापुढे आम्ही सगळे जरा खुजे वाटायचो. आता त्याच्याही हातून झालं होतं. आता तो आमच्यातला झाला होता. प्रज्ञाला मी म्हणालो, "परिस्थितीच तशी होती, मामाच कशाला, कुणीही असतं तरी..." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी वाक्य पुरं केलं नाही.

पाणी परत आलं. कुलूप निघालं, बाहेरचा नळ सुरू झाला, कारखान्यांतली माणसं पुन्हा प्यायला लागली. मामाने मात्र तांब्या बाहेर ठेवला नाही. तो त्या बाईला शोधायला लागला. रोज एकेका कारखान्याच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. आतला मुकादम विचारायचा, "क्या काम है, चाचा?" त्याला काय काम ते सांगता येत नसे. तिला भेटून तो काय करणार होता? मी एकदा विचारलंच. म्हणाला, "काय न्हाय. तांब्या तिच्या हातात देनार. पी म्हननार." एके ठिकाणी कळलं, की तशी एक बाई होती, पाण्यावाचून साचे बंद पडले तेव्हा मुलाबाळांना घेऊन गावी गेली, परत आली नाही. तीच ती की दुसरी, कोण सांगणार?

बुडीत पिच्चर बघणं त्याने सोडलं. मी लावला की उठून गॅलरीत जायचा. पुढच्या बैठकीत मात्र तो स्वतःहून आला. म्हणाला, गेटच्या जाळीला एक खिडकी पाडा. लहान. तांब्या जाईल एवढी. लोकांना हसू आवरेना. पाटीलसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मामा, आता कशाला? आता पाणी आहे, गेट उघडं आहे."

"पानी परत जाईल," मामा म्हणाला. "तुमी परत कुलूप लावाल. लावा. मी लावू नका म्हनत न्हाय. पन खिडकी पाडा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरी मी. 'आत्ताच्या आत्ता वेल्डरला बोलावतो' एवढं म्हणायचं होतं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'पुढील बैठकीत विचार करण्यात येईल.' मामाने ते माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं.

त्यानंतर तो गावी गेला, आईकडे राहायला. जाताना भांडण नाही, अबोला नाही. माझ्या मुलीला जवळ घेतलं, प्रज्ञाला म्हणाला, "पोरी, ह्याला सांभाळ. वाईट न्हाय तो." बॅगेत कपड्यांवर मामीचा तांब्या ठेवला. अंबाडी नाक्यापर्यंत मी त्याला गाडीने सोडलं. पुढे घरापर्यंत येतो म्हटलं, तर नको म्हणाला. त्यानंतर फोनवर तो पाऊस किती झाला, भाताचं काय, एवढंच बोलायचा. पिच्चरबद्दल मीही विषय काढला नाही. गेल्या थंडीत तो गेला. झोपेत गेला, आई म्हणते.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमच्या सोसायटीचे लोकही गावी आले होते. पाटीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, गेटपाशी मामांची आठवण राहील असं काहीतरी करू या. सगळ्यांचं एकमत आहे. तो फोटो मोठा करून फ्रेम करू, खाली दोन ओळी लिहू. तुम्ही लिहिता, तुम्हीच द्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी 'नाही' म्हणालो. "का हो?" त्यांनी विचारलं. 'आलोच' म्हणून मी पंगतीकडे वळलो.

माणसं पांगल्यावर मी ओट्यावर बसलो. आईने पाणी आणलं. तांब्याच माझ्या हातात दिला. आमच्या घरात दुसरी रीतच नाही. मामीचा तांब्या. मामाने शेवटपर्यंत घासत ठेवलेला असणार, अजून लखलखत होता. मी तो तोंडाला लावायला उचलला आणि माझ्या बोटांना त्याच्या पोटावर काहीतरी लागलं. फिरवून बघितलं. दोन्ही बाजूंना समोरासमोर, पितळ खरवडून निघालेल्या उभ्या रेघा. चांगल्या खोल. एका बाजूला तर पोचाच आला होता.

"आई, हे काय झालं?"

"तुमच्या भिवंडीच्या गेटात," आई म्हणाली. "तुला म्हाईत न्हाय? कोन बाई आली होती पान्याला. तांब्या तिच्या हातात द्यायचा म्हनून दादा गजांतून घुसवत होता. लय जोर लावला, म्हनत होता. हात सोलपटले. न्हाय गेला." तिने पदराने डोळे पुसले. "गेटाची चावी कोनाकडं हाय ते ठाव होतं त्याला, पन तू कामाला गेलास आसं त्याला वाटलं. तू असतास तर उघडलं असतंस, म्हनायचा."

मी तो तांब्या दोन्ही हातांनी धरून बसून राहिलो. तो जाळीशी झटापट करत होता तेव्हा मी त्याच्या मागे, हाकेच्या अंतरावर उभा होतो. चावी माझ्या खिशात होती, आणि मी फोनचा कॅमेरा उघडत होतो.